मदत हवी आहे : तिबेटी शरणार्थी कुटुंबासाठी गोव्यातील शासकीय योजना

नमस्कार मंडळी,

म्हापशात आमच्याकडे भाड्याने राहणारे एक तिबेटी कुटुंब पर्यटन हंगामात कळंगुटला दागिन्यांचा गाळा चालवते आणि आता कर्नाटकातील मुंडगोडची तिबेटी वसाहत सोडून इथेच कायमचे राहू इच्छिते. केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात शरणार्थींना रेशन, रोजगार हमी अशा योजनांचा लाभ द्यावा, असे राज्यांना सुचवलेले आहे; परंतु वसाहतीबाहेर, त्यातही गोव्यात, त्याची अंमलबजावणी कोणते खाते करते हे कळत नाही. मामलेदार कार्यालयातून नागरी पुरवठा खात्याकडे आणि तिथून पुन्हा मामलेदारांकडे, एवढेच आजवर झाले.

नवऱ्याकडे विदेशी नागरिक नोंदणीचे प्रमाणपत्र आहे, ज्याची पाने नूतनीकरणाच्या शिक्क्यांनी भरून गेली आहेत. पत्ता बदलण्यासाठी आधी कर्नाटकातील कार्यालयाची परवानगी लागते, की थेट गोव्यात अर्ज चालतो?

बायकोचे प्रकरण निराळे, आणि माझ्या मते अधिक भक्कम. तिचा जन्म १९८५ मध्ये मुंडगोडचा. नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते. तरीही तिच्याकडे शरणार्थीचेच कागद आहेत. (साठच्या दशकापासून हा समाज आपल्या शेजारी आहे, तरी आपल्या कचेऱ्यांना तो अजून नवखाच!) पासपोर्टसाठी अर्ज करताना नोंदणी प्रमाणपत्र परत करावे लागते असे दिसते. मग पासपोर्ट हाती येईपर्यंत रेशनकार्ड आणि मुलीचा अकरावीचा प्रवेश कोणत्या कागदावर करावा?

अशी प्रकरणे हाताळलेले कोणी वकील अथवा निवृत्त अधिकारी असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.