मदत हवी आहे : अर्मेनियन नटी सिरानुश

नमस्कार मंडळी, आमच्या नाट्यग्रुपमध्ये मला सिरानुशवर बोलायचंय, त्यासाठी मदत हवी आहे. ही १८५७ साली इस्तंबूलमध्ये जन्मली, मूळ नाव मेरोपे कांतार्जियान, आणि १९३२ मध्ये कैरोत वारली. त्या काळात इस्तंबूलमध्ये मुस्लिम बायकांना स्टेजवर यायला बंदी होती, त्यामुळे तुर्की नाटकांतल्या बायकांच्या भूमिकासुद्धा अर्मेनियन मुलीच करायच्या, आणि त्यांनाही काही कमी बोलणी खावी लागली नाहीत. सिरानुश पुढे तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या तिफ्लिस (आताचं तिबिलिसी), बाकूपर्यंत गाजली आणि तिने चक्क हॅम्लेट केला, म्हणजे आपल्याकडे पुरुष बायकांची कामं करत होते तेव्हा तिकडे एक बाई डेन्मार्कचा राजपुत्र होऊन उभी राहत होती! मला तर हे वाचून भारीच वाटलं, तिच्याबद्दल मराठीत काहीतरी यायलाच हवं.

तर कुणाला अर्मेनियन किंवा रशियन वाचता येतं का? तिच्या हॅम्लेटवर तेव्हाच्या पेपरात काय छापून आलं होतं ते हवंय, मुख्य म्हणजे ती संवाद कसे म्हणायची, तलवारबाजी स्वतः करायची का. हॅम्लेटच्या वेषातला मोठा, क्लिअर फोटो कुठे मिळेल तेही सांगा प्लीज, प्रोजेक्टरवर दाखवायचाय.