मदत हवी आहे : तळ्यावर हिरवा तवंग, मुलांना पाण्यात उतरू द्यावं का?

नमस्कार मंडळी. रविवारी गिरणारेच्या बाजूला एका तळ्यावर गेलो होतो. काठाला पोपटी तवंग, अगदी ऑइलपेंट सांडल्यासारखा, आणि कुबट वास. काडी घालून पाहिली. धाग्यांचं साधं शेवाळ काडीला लोंबतं, इथे नुसता रंग लागला. म्हणजे नील-हरित शेवाळ असावं. (खरं तर ते शेवाळ नव्हेच, जिवाणू!) त्यातल्या काही जाती मायक्रोसिस्टिनसारखं यकृताला घातक विष सोडतात, आणि पाणी उकळूनही ते जात नाही.

आमचा मोती तोवर पाण्यात शिरून आलाच. कुत्रे अंग चाटतात म्हणून लगेच नळाच्या पाण्याने खसाखसा धुतला. सध्या ठणठणीत आहे, पण जीव टांगणीला. किती दिवस लक्ष ठेवायचं? कोणती लक्षणं दिसली की डॉक्टरांकडे पळायचं?

दुसरं, नाशकात हे विष तपासणारी लॅब कुणाला माहीत आहे का? नेहमीच्या जिवाणू तपासणीत ते कळत नाही. नमुना कसा न्यायचा, खर्च किती?

पुढच्या रविवारी भाच्यांना पोहायला न्यायचं ठरलंय. मी नाही म्हणतोय, तर ताई म्हणते, ‘आपण लहानपणी कुठं मेलो?’