अनुभव धागा: आफ्रिकेच्या रानात तुम्हाला प्राणी कुणी दाखवले?

सप्टेंबरात मसाई माराहून परतल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो, "मग, बिग फाइव्ह दिसले का?" दिसले. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस, पाचही दिसले. पण ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी शिकार करताना जे पाच प्राणी जिवावर बेततात, ते त्यांनी एका माळेत ओवले. आपण काही बंदूक घेऊन जात नाही, मग त्यांची यादी आपण का मिरवायची?

मला सांगायचंय ते तिसऱ्या दिवशी सकाळचं. रेडिओवर सिंहांची खबर आली आणि आजूबाजूच्या गाड्या धुरळा उडवत तिकडे पळाल्या. आमच्या गाइडने मात्र इंजिन बंद केलं. समोर वारुळावर एक टोपी उभी होती. (टोपी हे तिथल्या एका हरणाचं नाव. तांबूस अंग आणि मांडीवर निळसर काळा डाग, जणू कुणी शाईचा हात पुसलाय.) गाइड म्हणाला, "आल्यापासून तिने मान हलवलेली नाही. ती काय बघतेय ते आपण बघू." आम्हाला गवताशिवाय काही दिसेना. चाळीस मिनिटं गेली, थर्मासमधला चहा संपला. मग गवतातून एक लहानसं गोल डोकं वर आलं. चित्त्याची मादी होती, आणि तिच्यामागे तीन पिल्लं, पाठीवर राखाडी केसांची झूल पांघरल्यासारखी. माणसाने गवतातून वाचून काढावं आणि आपल्या हातावर ठेवावं, तसं त्याने ते आम्हाला दिलं.

म्हणून हा धागा. आफ्रिकेत, गवताळ रानात म्हणा की दाट जंगलात, गाइडबरोबर सस्तन प्राणी पाहिले असतील तर लिहा. काय काय दिसलं याची जंत्री नको. ते कुणी, कसं दाखवलं ते सांगा. काही खटकलं असेल तर तेही लिहा, पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल.

ब्विंडी, युगांडा

मी सांगलीची, वय ५८, डाव्या गुडघ्याची कुरकुर कायमची. गोरिला बघायला जायचं ठरलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी वेड्यात काढलं. युगांडात परवाना ८०० डॉलरचा. रवांडात तो १५०० चा. एका कुटुंबाजवळ दिवसातून एकदाच, आठच माणसं, आणि तीही एकच तास. पैशांचा हिशोब मी बराच काळ केला आणि मग करायचा सोडून दिला.

आम्ही रुशागा भागातून निघालो. माग काढणारी माणसं आमच्या आधी, पहाटेच रानात शिरलेली असतात. गोरिला रोज रात्री नवं घरटं करून झोपतात, फांद्या-पानं दुमडून. काल संध्याकाळी कुटुंब जिथे सोडलं तिथून ही माणसं सुरुवात करतात, रात्रीची घरटी शोधतात, ताजी विष्ठा आणि मोडलेल्या काटक्या बघत पुढे जातात, आणि वॉकीटॉकीवर आमच्या गाइडला कळवतात. म्हणजे आम्ही ज्याला 'गोरिला सापडले' म्हणतो, ते दुसऱ्याच कुणाच्या तरी पायांचं श्रेय.

सामान उचलायला मी गावातलीच एक मुलगी घेतली होती. वीस-बावीसची असेल. पायाखाली मातीच लागत नव्हती, नुसत्या वेलींवर वेली, आणि हाताला लागली की आग आग होणारी खाजरी पानं. ती माझ्या वरच्या बाजूला उभी राहायची, हात खाली करायची, मी धरला की "मामा, स्लोली" म्हणायची. तिकडे वयाने मोठ्या बाईला मामाच म्हणतात. पहिल्यांदा मला हसू आलं, नंतर त्या हाकेची वाट बघायला लागले.

तीन तासांनी गाइडने काठ्या आणि पाठपिशव्या तिथेच ठेवायला सांगितल्या. मास्क लावले, कारण आपली साधी सर्दीसुद्धा त्यांच्या जिवावर उठू शकते. मग तो घशातून एक आवाज काढत पुढे झाला, आपण खाकरतो तसा, पण लांबवलेला आणि मऊ. झाडीतून तसाच आवाज परत आला. तो आम्हाला हळूच म्हणाला, "मी सांगितलं, आम्ही आलोय. तो म्हणाला, ठीक आहे."

दहा मीटरवर तो चंदेरी पाठीचा नर बसला होता. मी मात्र त्याच्या बोटांकडेच बघत राहिले. जाड, काळी, नखं अगदी आपल्यासारखी, आणि त्या बोटांनी तो एका खोडाची साल इतक्या निगुतीने सोलत होता की शेवग्याच्या शेंगा सोलणारी माझी आई डोळ्यांपुढे आली. एक पिल्लू त्याच्या खांद्यावरून घसरलं, त्याने वरही न बघता त्याला एका हाताने अडवलं.

२०१८ च्या गणनेत ब्विंडी आणि त्याला लागून असलेल्या काँगोतल्या सारांब्वे भागात मिळून ४५९ गोरिला मोजले गेले. विरुंगा डोंगरातले धरले तर हे डोंगरी (माउंटन) गोरिला जगभरात १०६३. आमच्या तालुक्यातल्या एखाद्या लहानशा गावाची वस्ती असते तेवढे. आणि हेही लिहायलाच हवं: १९९१ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बट्वा लोकांना बाहेर काढलं. गाइडनेच ते सांगितलं, काही न लपवता. त्यामुळे त्याच्याबद्दल माझा आदर वाढला.

मसाई मारा, केनिया

माझा अनुभव वरच्यांइतका गोड नाही. ऑगस्टमध्ये विल्डबीस्टचे (गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप मारा नदी ओलांडतात ते बघायला गेलो होतो. काठावर कळप जमला, पाण्यात मगरी. आमच्या ड्रायव्हरला बक्षिशीची घाई असावी. त्याने आणि इतर कित्येकांनी गाड्या थेट कळपाच्या वाटेवर नेऊन उभ्या केल्या. पुढचे दोन-चार प्राणी काठावर आले, गाड्यांची भिंत बघून थबकले आणि अख्खा कळप मागे वळला. बराच वेळ ओरडत राहिला, मग निघून गेला. आमच्या गाडीतली लोकं ड्रायव्हरवर चिडली ती "दिसलं नाही" म्हणून. मला लाज वाटली ती वेगळ्या कारणाने. ती वाट त्यांची होती. पलीकडे पाऊस झाला होता, गवत होतं, आणि आम्ही दारात उभे होतो.

पुढचे दोन दिवस माराला लागून असलेल्या, मसाई जमीनमालकांच्या एका कॉन्झर्व्हन्सीत (खासगी राखीव रानात) काढले. तिथे एका प्राण्याजवळ पाचच्या वर गाड्या जाऊ देत नाहीत, आणि ते पाळतात. तिथल्या गाइडने सिंहिणीपासून गाडी मुद्दाम लांब लावली. "जवळ गेलो तर ती आपल्याला बघेल. लांब थांबलो तर ती तिचं काम करेल."

बुकिंग करताना हॉटेलची खोली कशी आहे ते विचारता, तसं गाइड कोण आहे तेही विचारा. केनियात गाइडांची परीक्षा घेणारी संघटना आहे. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या असतात. नुसता ड्रायव्हर आणि गाइड यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एका डॉक्टरकडून, थोडक्यात

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. दाखला एकदा घेतला की आयुष्यभर चालतो. तो नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवस विलगीकरणात बसावं लागू शकतं. हिवतापाच्या गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारून, जाण्याआधीच सुरू करायच्या. गडद निळे आणि काळे कपडे नकोत, त्से-त्से माश्या त्यावर धावून येतात. आणि केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे, तेव्हा चिवडा-चकली डब्यात भरा.

कसांका, झांबिया

मी वटवाघळं बघायला गेलो होतो. आपल्याकडे गावाबाहेरच्या वडा-पिंपळावर ती लटकलेली दिसली की लोक तोंड फिरवतात. लहानपणी मला त्या झाडाखालून जाऊ देत नसत, तेव्हापासूनच मला त्यांची ओढ आहे.

कसांका हे लहान उद्यान आहे, सुमारे ३९० चौरस किलोमीटर. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत तिथल्या दलदलीच्या जंगलाच्या एका लहानशा तुकड्यात, आकडा नीट वाचा, ८० लाख ते १ कोटी फळखाऊ वटवाघळं उतरतात असं म्हणतात. काँगोच्या बाजूने येतात. संख्येने पाहिलं तर सस्तन प्राण्यांचं जगातलं हे सगळ्यात मोठं स्थलांतर, असं सांगतात. मसाई माराकडच्या विल्डबीस्टच्या अख्ख्या स्थलांतरात बारा-तेरा लाख प्राणी धरतात. तरी जगाचे कॅमेरे तिकडे लागलेले असतात.

पहाटे चारला गाइडने उठवलं. उंच झाडावरच्या मचाणावर शिडीने चढलो. काळोख. त्याने टॉर्च विझवायला लावला आणि म्हणाला, "आधी ऐका." आधी नुसती सळसळ, मग चिरका कलकलाट, चहूबाजूंनी जवळ येणारा. पूर्वेला फटफटलं तसं आभाळ हलताना दिसायला लागलं. रात्रभर फळं खाऊन ती घरी येत होती. पिवळसर मानेची, पंख पसरले की हातभर रुंद. मचाणाच्या पातळीवरून जात होती, चेहऱ्याला वारा लागत होता. एवढ्यात लांबवर कडकड असा आवाज झाला. "फांदी," गाइड म्हणाला. त्यांच्या वजनाने फांद्या मोडतात. खाली पडलेल्यांवर मगरी टपून असतात, वरून गरुड.

मग त्याने जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. एका रात्रीत ही वटवाघळं मैलोन्‌मैल उडतात आणि वाटेत बिया टाकत जातात. जिथे माणसाने जंगल तोडलंय, तिथे पहिली झाडं अनेकदा यांनीच लावलेली असतात. त्याच्या स्वतःच्या गावामागे एक झाड आहे, ते कुणी लावलं नाही, असं तो म्हणाला, आणि वर बोट केलं.

साउथ लुआंग्वा, झांबिया

कसांकाचं वाचून राहवलं नाही. मी नागपूरचा, ताडोबात वाढलो म्हणा. वानराचा खोकला, चितळाची हाक, यावरून वाघ कुठे आहे ते ओळखायची सवय. त्यामुळे जिप्सीतून उतरून जंगलात चालायचं ही कल्पनाच मला पचत नव्हती. लुआंग्वात तेच करतात. १९५० च्या दशकात नॉर्मन कार यांनी तिथे पायी सफारीची पद्धत रुजवली.

एकामागे एक ओळीत चालायचं. पुढे वनखात्याचा बंदूकधारी स्काउट, मग गाइड, मग आपण. बोलायचं नाही. गाइडच्या हातात राख भरलेला जुना मोजा होता. दर थोड्या वेळाने तो झटकायचा आणि राख कुठे जाते ते बघायचा, म्हणजे वारा आपला वास कुठे नेतोय ते कळतं. तासाभरात एकही मोठा प्राणी दिसला नाही, आणि माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात भरलेला तास होता. तरसाची वाळलेली विष्ठा, खडूसारखी पांढरी, कारण ते हाडं चावून खातात. हत्तीचं पाऊल, त्यातल्या भेगांची नक्षी प्रत्येकाची वेगळी. पाणघोड्यांनी रात्री चरायला जाऊन पाडलेली दोन चाकोऱ्यांची वाट.

मग राख अचानक उलटी, आमच्या मागे न जाता पुढे गेली. गाइडने मूठ वर केली. सगळे एका वारुळाआड. समोर चिंचेच्या झाडाखाली तीन हत्तिणी आणि एक पिल्लू. (हो, चिंच. झाड मूळचं आफ्रिकेतलंच.) मोठीने सोंड वर करून आमच्या दिशेने वळवली. मला माझ्याच कानात धडधड ऐकू येत होती. गाइडने डोळ्यांनीच मागे सरकायला सांगितलं. पाठ न दाखवता, पावलं मोजत. तिने कान दोनदा फडकावले आणि पिल्लाला पोटाखाली घेतलं. बस. बंदूक खांद्यावरून खालीसुद्धा आली नाही. नंतर तो म्हणाला, "ती उचलावी लागली तर चूक माझी."

रात्रीच्या फेरीत बिबट्या दिसला, इम्पालाच्या मागावर. आम्ही कॅमेरे सरसावले आणि गाइडने दिवाच विझवला. हरणाच्या डोळ्यांवर झोत पडला तर त्याला पळायला दिसणार नाही, हा अन्याय होईल म्हणाला. पुढची दहा मिनिटं आम्ही काळोखात बसून होतो. शेवटी इम्पाला शिंकरला, सावधगिरीचा इशारा, आणि खुरांचा आवाज लांब गेला. ताडोबातल्या माझ्या कानांना ते बरोब्बर कळलं.

ओल पेजेटा, केनिया

अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन गेले होते. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांतला शेवटचा नर, सुदान, इथेच १९ मार्च २०१८ ला गेला. आता दोघीच उरल्यात, त्याची मुलगी नाजिन आणि नात फातू. चोवीस तास पहारा. राखणदार त्यांना नावाने हाक मारतो आणि त्या खरंच कान वळवतात. लेकीने विचारलं, "या गेल्या की?" त्याने तिला उडवून लावलं नाही. खाली बसून, प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून दक्षिणेकडच्या पांढऱ्या गेंड्याच्या मादीत वाढवायचा प्रयत्न कसा चाललाय, ते सावकाश समजावलं. परतताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही.

किबाले, युगांडा

माझ्या बाबांना मधुमेहामुळे गेली नऊ वर्षं जवळजवळ दिसत नाही. तरी त्यांना चिंपांझींच्या रानात जायचं होतं. बुकिंगच्या वेळीच मी सगळं स्पष्ट सांगितलं आणि सपाट वाटेचा गट मागून घेतला.

गाइड बाबांच्या पुढे चालायची, बाबांचा हात तिच्या पाठपिशवीच्या पट्ट्यावर. मूळ आलं की "रूट", ओल आली की "वेट". आम्ही बाकीचे माना वर करून पानांत काळे ठिपके शोधत होतो, आणि ती बाबांना सांगत होती, उजवीकडे वर एक मादी अंजीर खातेय, सालं पडताना ऐका. बाबांनी ऐकली. आम्हाला तोवर ती मादी दिसलीही नव्हती.

मग ते सुरू झालं. आधी 'हू, हू' असं खालच्या पट्टीत, मग चढत चढत किंकाळी, आणि अख्खं रान त्याला उत्तर देऊ लागलं. पाठोपाठ ढम-ढम-ढमढम. किबालेत काही प्रचंड झाडांची मुळं खोडापाशी भिंतीसारखी उभी असतात. नर धावत येतो आणि त्यावर हाता-पायांनी वाजवतो. प्रत्येकाची वाजवायची ढब वेगळी, त्यावरून कोण आहे ते लांबूनच कळतं. गाइडने त्याचं नाव सांगितलं, आणि सांगितलं की तो आता डावीकडे वळेल. वळला.

कळप पुढे गेल्यावर ती बाबांना त्या झाडापाशी घेऊन गेली आणि त्यांचा तळवा मुळाच्या भिंतीवर ठेवला. गुळगुळीत झालेली जागा होती. "इथेच वाजवतो." बाबांनी हात तसाच ठेवला, मग बोटांनी हलकेच वाजवून बघितलं. तिने चूक सुधारली: दोन सावकाश, मग दोन लागोपाठ.

अजूनही जेवण झालं की बाबा टेबलावर ते वाजवतात. दोन सावकाश, मग दोन लागोपाठ. माझा चार वर्षांचा भाचा आतल्या खोलीतून 'हू, हू' करत धावत येतो.