तूप तासन्‌तास तापवलं तरी टीबीए (थायोबार्बिट्युरिक आम्ल, मेदाचं ऑक्सिडीकरण मोजायची चाचणी) आकडा हलत नाही. कोलेस्टेरॉलचं ऑक्सिडीकरण मोजायचं कसं?

बेरी_तळाशी (प्रश्न):
गाईचं तूप उघड्या भांड्यात १८० अंशांवर ठेवून दर तासाला नमुना काढला. टीबीए चाचणीत ५३२ नॅनोमीटरचं शोषण पहिल्या तासानंतर जवळजवळ वाढत नाही. पेरॉक्साइड व्हॅल्यूही (साठलेल्या हायड्रोपेरॉक्साइडांचं, म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या पहिल्या उत्पादनांचं माप) कमीच. गरम अल्कोहोली पोटॅशमध्ये तासभर साबणीकरण करून (अल्कलीनं मेद फोडून) जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ) पाहिलं, तर ७-किटोकोलेस्टेरॉल (कोलेस्टेरॉलचं एक ऑक्सिडीकृत रूप) नगण्य. कोलेस्टेरॉल खरंच टिकतंय की मोजण्यात चूक आहे? आणि त्यावर हल्ला करतं कोण, सुपरऑक्साइडच (एक जादा इलेक्ट्रॉन घेतलेला ऑक्सिजन) ना?

मूलकमित्र:
मोजण्यात चूक आहे, तीही दोन ठिकाणी. टीबीए पकडतं मॅलोनडायअल्डिहाइड. ते मुख्यतः तीन किंवा जास्त दुहेरी बंधांच्या मेदाम्लांपासून होतं, आणि तुपात ती चिमूटभरच. कोलेस्टेरॉलच्या कड्यात दुहेरी बंध एकच, त्यातून मॅलोनडायअल्डिहाइड निघायचंच नाही. पेरॉक्साइड व्हॅल्यूचंही तेच: १८० अंशांवर हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात तसेच फुटतात, साठत नाहीत. ती चाचणी कपाटात खवट होणाऱ्या तेलासाठी ठीक, कढईसाठी नाही.

सुपरऑक्साइड उगाच बदनाम आहे. मेदातला हायड्रोजन ओढण्याइतका दम त्याच्यात नाही. शरीरात त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, त्याला फेरस लोह भेटलं की हायड्रॉक्सिल मूलक (मूलक म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेला, चटकन झडप घालणारा कण) सुटतो, आणि तो समोर येईल त्याचा हायड्रोजन हिसकावतो. तुमच्या भांड्यात सुरुवात होते ती आधीच असलेले हायड्रोपेरॉक्साइड उष्णतेनं किंवा तांब्या-लोखंडाच्या अंशानं फुटल्यामुळे. पुढची साखळी पेरॉक्सिल मूलक चालवतात.

कोलेस्टेरॉलमध्ये हायड्रोजन जातो तो दुहेरी बंधाशेजारच्या ७ व्या कार्बनवरचा. तिथे ऑक्सिजन बसून ७-अल्फा आणि ७-बीटा हायड्रोपेरॉक्साइड होतात, त्यांचे पुढे ७-हायड्रॉक्सी आणि ७-किटो. पेरॉक्सिल थेट ५-६ बंधावर चढला तर इपॉक्साइड (दोन कार्बन आणि एका ऑक्सिजनचं तिकोनी कडं). ३७ अंशांवर साखळी पुढे नेण्याचा वेगस्थिरांक कोलेस्टेरॉलचा सुमारे ११ आणि लिनोलेटचा (दोन दुहेरी बंधांचं मेदाम्ल) ६२ (प्रति मोलर प्रति सेकंद). म्हणजे लिनोलेट शेजारी असलं तर आधी तेच जळतं. तुपात ते थोडं, त्यामुळे कोलेस्टेरॉलला आडोसाही थोडाच.

लोणकढी:
दुसरी चूक साबणीकरणात. गरम अल्कलीत ७-किटोमधून पाणी निघून कोलेस्टा-३,५-डाइन-७-ओन होतं. जीसीवरचं तुमचं ७-किटोचं शिखर नाहीसं झालं ते असं. थंड साबणीकरण करा.

२०० मिलिग्रॅम तुपात कोलेस्टेरॉल साधारण अर्धा मिलिग्रॅम असतं. त्यातलं १ टक्का बिघडलं तर हाती ५ मायक्रोग्रॅम, म्हणून हात जपून चालवा. सुरुवातीलाच १० मायक्रोग्रॅम १९-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल अंतर्गत मानक (वाटेत किती हरवलं ते कळायला घातलेली ठरावीक मात्रा) म्हणून आणि किंचित बीएचटी (ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन) घाला. मग १ मोलर इथेनॉली पोटॅश १० मिली, वर नायट्रोजन, तपकिरी बाटली, खोलीच्या तापमानाला १८ ते २० तास ढवळत. पाणी घालून डायइथिल ईथरनं तीनदा काढा, ईथर साध्या पाण्यानं धुवा. उदासीन करायला आम्ल वापरू नका, इपॉक्साइड उघडून ट्रायॉल (तीन हायड्रॉक्सिल गटांचं रूप) होतो आणि तो खराच होता असं वाटतं. ईथर नायट्रोजनखाली उडवा.

अमिनोप्रोपिल कार्ट्रिजवर (घटक वेगळे करणारी छोटी भरलेली नळी) हेक्झेन, मग हेक्झेन-इथिल ॲसिटेट ९५:५ आणि ९०:१० नं कोलेस्टेरॉल धुऊन काढा, कोलेस्टेरॉलचे ऑक्साइड ॲसिटोननं उतरवा. सिलिलीकरण करून (हायड्रॉक्सिलवर सिलिल गट बसवून, म्हणजे ते सहज बाष्प होतात) जीसी. यूव्ही-एचपीएलसीच (अतिनील प्रकाशानं पाहणारी द्रव क्रोमॅटोग्राफी) असेल तर २४० नॅनोमीटरच्या आसपास फक्त ७-किटो नीट दिसेल. इपॉक्साइड आणि ट्रायॉलसाठी तो डिटेक्टर आंधळाच.

बेरी_तळाशी:
ईथर जुन्या बाटलीतलं आहे. चालेल?

लोणकढी:
अजिबात नाही. १० मिली ईथरमध्ये १ मिली १० टक्के पोटॅशियम आयोडाइड हलवून पाहा. पिवळं झालं तर त्यात पेरॉक्साइड आहेत, आणि ते वाटेतच कोलेस्टेरॉल बिघडवतील.

मूलकमित्र:
याची खातरजमा करायला तापवलेल्या नमुन्यात साबणीकरणाआधीच डी७-कोलेस्टेरॉल (सात हायड्रोजनांच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असलेलं) टाका. त्याचे ड्युटेरियम बाजूच्या साखळीच्या टोकाला असतात, ७ व्या कार्बनवरच्या वेगात फरक पडत नाही. एमएसवर (वस्तुमान वर्णपटमापक) डी७ असलेलं ७-किटो दिसलं तर तेवढं तुम्हीच बनवलंत. १९८७ मध्ये लॅन्सेटमध्ये तुपातल्या स्टेरॉलांपैकी १२.३ टक्के ऑक्साइड असल्याचं आलं होतं. तुमचा आकडा त्याच्या शेजारी मांडण्याआधी ही डी७ ची खातरजमा हवीच.