करार चालतो, कोमल धैवत चालत नाही: कोरियन ट्रॉट नेमकं कुणाचं?

निमताल (धागाकर्ता)

परवा दोन जुनी गाणी पाठोपाठ ऐकली. संगीतकार कोगा मासाओचं १९३१ चं जपानी 'साके वा नामिदा का तामेइकी का' आणि ली नान-योंगनं १९३५ मध्ये गायलेलं कोरियन 'मोकपोचे अश्रू'. भाषा दोन्ही कळत नाहीत, म्हणून पेटी पुढ्यात ओढली. दोन्हीकडे बोटं फिरून फिरून त्याच पट्ट्यांवर: सा, रे, कोमल ग, प, कोमल ध. शिवरंजनीचा धैवत कोमल केला की झालं.

पहिलं एन्का, दुसरं ट्रॉट: त्या त्या देशातली जुन्या धाटणीची भावुक, लोकप्रिय गाणी. जपानी एन्का आणि कोरियन ट्रॉट सख्ख्या बहिणी आहेत हे कान असलेला कुणीही सांगेल. (ट्रॉट हे नाव 'फॉक्सट्रॉट' या नाचावरून, म्हणजे नामकरणाला अमेरिकेची आत्या!) पण कोरियात हे नातं महागात पडायचं. १९६४ मध्ये गायिका ली मी-जाचं 'तोंगबेक आगासी' तुफान गाजलं, आणि १९६५ मध्ये 'वेसेक', म्हणजे जपानी रंगाचं, म्हणून त्यावर बंदी आली. उठली थेट १९८७ ला. त्याच १९६५ मध्ये दक्षिण कोरियाच्या पार्क चुंग-ही सरकारनं रस्त्यावरचा विरोध मोडून जपानशी संबंध जोडणारा करार केला होता. करार चालतो, कोमल धैवत चालत नाही!

माझं म्हणणं: गाणं ज्याच्या गळ्यात रुळलं त्याचं. चालीची जन्मपत्रिका मांडू नये.

रेवा_७

माहिती छान, निष्कर्ष साफ अमान्य. 'गळ्यात रुळलं' म्हणताय, पण ते कसं रुळलं? १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात. शेवटी शेवटी तर शाळेतून कोरियन भाषा हद्दपार, माणसांना जपानी नावं घ्यायला लावलेली. रेकॉर्ड कंपन्या जपानी, मुद्रणासाठी गायकांनी जहाजानं जपानला जायचं. याला देवाणघेवाण म्हणतात का?

'आरिरांग' हे कोरियन लोकगीत ऐका. तिथं तीन-तीन मात्रांचा झोका आहे, आपल्या दादऱ्यासारखा अंगात भिनणारा. ट्रॉट सरळ दोन पावलांत चालतं. नुसते सूर नाही, चालणंसुद्धा बदललं.

निमताल

रेवाताई, कोगा स्वतः लहानपणी कोरियात वाढला, इंचॉन आणि सोलमध्ये. तिथली गाणी त्याच्या कानावर पडलीच असणार. मग कुणी कुणाकडून घेतलं?

खर्जातला_आप्पा

हा युक्तिवाद लंगडा आहे हो. ही जपानी पंचस्वरी चाल कोगाच्या आधीची. नाकायामा शिम्पेईचं 'सेन्दो कोउता' १९२१ चं, तेव्हा कोगा विद्यार्थी होता. म अन् नि गाळायची तर मेइजी काळापासूनची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची सवय त्यांची. त्याच सवयीचा शुद्ध स्वरांचा प्रकार म्हणजे आपला भूप.

पण बंदीबद्दल निमतालशी सहमत. आपल्याकडे आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटी बाहेर काढली, ती १९७१ पर्यंत. का, तर वाद्य परकं, त्यात मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) निघत नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून नाटकाला पेटी आणि ऑर्गन लागत होता. गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकून कुणाला युरोप आठवला असेल?

रेवा_७

आप्पा, पेटी गोऱ्यांनी आपल्या गळ्यात बांधली नव्हती, आपण हौसेनं घेतली. तुलना जमत नाही.

सोलापुरी_चादर

मुळात एन्काला जपानचं 'हृदय' म्हणतात, पण ते तसं झालं कधी? शब्द मेइजी काळातल्या राजकीय गाण्यांचा. आज ज्याला एन्का म्हणतात त्यावर ही पाटी साठच्या दशकाच्या शेवटी लागली. आणि २००८ मध्ये पिट्सबर्गचा जेरो, कृष्णवर्णीय पोरगा, डोक्यावर टोपी, अंगात ढगळ हिप-हॉप कपडे, एन्का गाऊन जपानी टीव्हीवरच्या वर्षअखेरच्या 'कोहाकू' या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या मंचावर! त्याची आजी जपानी, गाणी तिच्याकडून शिकलेला. हृदय आजीकडून मिळतं, सरकारकडून नाही.

रेवा_७

जेरोला कुणी जबरदस्ती केली नव्हती. पुन्हा तोच फरक. आणि कोरियात जपानी लोकप्रिय संस्कृतीला दार उघडायला १९९८ उजाडलं, जपानी भाषेतल्या सीड्या तर २००४ मध्ये आल्या. एवढी वर्षं लोक उगाच रुसले नव्हते.

खर्जातला_आप्पा

आणि मग २०२० मध्ये 'मिस्टर ट्रॉट' या कोरियन टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीला ३५ टक्क्यांवर प्रेक्षक! त्याच्या आदल्या वर्षी 'मिस ट्रॉट' जिंकणारी सोंग गा-इन तर पान्सोरीच्या तालमीतली. पान्सोरी म्हणजे एक गायक, एक ढोलकिया आणि तासन्‌तास कथा. घोगरा, फाटका वाटावा असा मुद्दाम कमावलेला आवाज. तो आवाज ट्रॉटमध्ये उतरला की ते कुणाचं, हे मला विचारू नका.

निमताल

एक गोष्ट सांगायची राहिली. 'मोकपोचे अश्रू'च्या दुसऱ्या कडव्यात नोजॉकबाँग नावाचा डोंगर येतो. १५९० च्या दशकातल्या जपानी स्वारीत सेनापती यी सुन-शिननं त्याला पेंढ्यानं झाकून धान्याची रास असल्याचा भास केला, अशी दंतकथा. कवितेत होतं 'तीनशे वर्षांचा सल उरात धरलेला' डोंगर. छापताना जपानी पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून शब्द बदलून ऐकायला जवळपास तसेच, पण निरर्थक शब्द घातले. ऐकणाऱ्याला कळायचं ते कळत होतं. म्हणजे जपानी सुरावटीतून जपानविरुद्धचीच ओळ!

पुढे ऐंशीच्या दशकात ग्वांगजूच्या हैताई टायगर्सचे चाहते बेसबॉलच्या मैदानात हेच गाणं गायचे. तोवर सल जपानविरुद्धचा राहिला नव्हता, १९८० मध्ये ग्वांगजूच्या उठावात लष्करानं केलेली कत्तल विसरायला लावणाऱ्या सोलच्या सरकारविरुद्धचा झाला होता.

रेवा_७

डोंगराचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण निमताल, ती ओळ आपल्याच भाषेत लपवून का गावी लागली? मी पहिल्यापासून तेच तर विचारतेय.