मदत हवी आहे : चोर-अलार्मची बॅटरी दुकानात चार्ज होते, घरात होत नाही (सांगली)

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत, गावभागात राहते. घरात मी आणि सासूबाई दोघीच. मिस्टर हळदीच्या गाड्यांबरोबर महिन्यातले पंधरा-वीस दिवस बाहेर असतात. म्हणून घरात चोर-अलार्म बसवलेला आहे: पुढचं-मागचं दार, सहा ठिकाणी हालचाल ओळखणारे सेन्सर, एक कीपॅड आणि गच्चीच्या कठड्याला सायरन. गेल्या सव्वा वर्षात पॅनेलमध्ये (अलार्मच्या मुख्य पेटीत) दोन नव्या बॅटऱ्या घातल्या. पहिली आठ महिने चालली, दुसरी सहा महिन्यांतच गेली. तिसरी घेण्याआधी इथल्या जाणकारांना विचारावं म्हणून धागा काढते आहे.

बॅटरी नेहमीचीच, १२ व्होल्ट ७ एएच (अँपियर-तास), सीलबंद. लाइट असताना सगळं ठीक दिसतं, फक्त कीपॅडवर पिवळा दिवा लागतो आणि थोड्या थोड्या वेळाने टुक टुक होत राहतं. सासूबाई म्हणतात, "ते पाखरू परत बोलायलंय बघ." रात्री त्यांची झोप जाते, म्हणून एकदा त्यांनी मुख्य बटणच बंद करून ठेवलं होतं. खरा प्रश्न लाइट गेल्यावर येतो. कीपॅडचे दिवे मंद होतात, दोन-तीन मिनिटांत पॅनेल मान टाकतं. गेल्या आठवड्यात मुद्दाम लाइट बंद करून सायरन वाजवून पाहिला तर नुसती घरघर आली आणि सगळं बंद पडलं. म्हणजे चोराला लाइट जाण्याची वाट बघायची, एवढंच काम आहे. ते कळल्यापासून मला रात्री नीट झोप नाही.

ज्यांनी पॅनेल बसवलं ते दर वेळी येतात, मीटर लावतात, "चार्जिंग बरोबर आहे, १३.७ दाखवतंय, बॅटरीच खराब निघाली" म्हणतात आणि नवी देतात. मी मागच्या वेळी काढलेली बॅटरी दुसऱ्या दुकानात नेली. त्यांनी रात्रभर चार्जिंगला लावली आणि सकाळी म्हणाले, "चांगली आहे की." घरी आणून जोडली, चार दिवस गप्प होती, पाचव्या दिवशी परत टुक टुक. दुकानात चांगली आणि घरात मेली, असं कसं होईल?

एक गोष्ट सांगायला हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर पाणी होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पॅनेलची पेटी जिन्याखाली होती, ती पाण्यात गेली. नंतर आतला बोर्ड नवा घातला आणि पेटी वर माळ्यावर, पत्र्याखाली नेली.

माझ्याकडे साधा डिजिटल मीटर आहे आणि तो मला लावता येतो. काय काय मोजू ते सांगा.

प्रतिसाद, कराडहून

ताई, ७ एएचच्या जागी २६ एएचची बॅटरी लावा. आमच्या दुकानात तेच केलं, दिवसभर चालतं.

प्रतिसाद, मिरजेहून

कराडकर दादा, राग मानू नका, पण इथे तो उपाय नाही. या पेट्यांचं चार्जिंग लहान असतं, बऱ्याच पॅनेलमध्ये ३५० मिलिअँपियरच्या आसपास बांधलेलं. २६ एएचची बॅटरी एकदा रिकामी झाली की त्यावर भरायला चार दिवस लागतील. आणि ज्या कारणाने लहान बॅटरी उपाशी राहते, त्याच कारणाने मोठीही उपाशीच राहणार.

ताई, "दुकानात चांगली, घरात मेली" या तुमच्या वाक्यातच उत्तर आहे असं मला वाटतं. बॅटरी निघताना खराब नव्हती. तिला घरात पोटभर मिळालं नाही. शिशाची बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटवर सल्फेटचे खडे घट्ट धरतात. सुरुवातीला बाहेरच्या चार्जरने ते थोडेफार सुटतात, पुढे सुटत नाहीत.

आता ते १३.७. बॅटरी काढून नुसत्या वायरींवर मोजलेला आकडा आहे ना? तसा मोजून काही कळत नाही. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्णच दिसतो, तोटी उघडल्यावर धार किती येते ते बघायचं. बॅटरी जोडलेली ठेवून, लाइट चालू असताना दोन जागी मोजा. एक, बोर्डावरच्या ज्या स्क्रूंना बॅटरीच्या लाल-काळ्या वायरी येतात तिथे. दोन, थेट बॅटरीच्या पत्त्यांवर (वर आलेल्या धातूच्या पट्ट्यांवर), वायरीच्या टोकाच्या लगला, म्हणजे क्लिपला, न टेकवता. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत.

मग मीटरची लाल वायर १० अँपियरच्या भोकात घालून, बॅटरीची लाल वायर सोडवून मध्ये मीटर ठेवा आणि करंट वाचा. मीटर अँपियरवर असताना त्याच्या सुया बॅटरीच्या दोन टोकांना एकदम कधीही लावू नका, ठिणगी उडून मीटर जाईल. झाल्यावर लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घालायची आठवण ठेवा.

पेटीत ट्रान्सफॉर्मरकडे २३० व्होल्ट येतात. त्या बाजूला हात नको. वायरी सोडवायच्या असतील तेव्हा एमसीबी पाडा आणि बॅटरीची काळी वायर आधी काढा. झाकण उघडलं की टॅम्पर स्विचमुळे सायरन वाजेल, म्हणून सर्व्हिसचा कोड आधी टाका.

धागाकर्ती

मोजलं. सासूबाईंनी बॅटरी-टॉर्च धरला, कारण माळ्यावर दिवा नाही.

बोर्डाच्या स्क्रूंवर १३.६. बॅटरीच्या पत्त्यांवर १२.४. आकडा चुकला असेल म्हणून तीनदा मोजला, तेवढाच. करंट ०.११ अँपियर. पॅनेलच्या मधून जाणारा एकूण खर्च बसवणाऱ्यांनी पूर्वी ०.२८ अँपियर लिहून दिला होता, झाकणाच्या आत कागद चिकटवलेला आहे. १३.६ आणि १२.४ मधलं १.२ व्होल्ट गेलं कुठे?

प्रतिसाद, मिरजेहून

छान मोजलंत. ते १.२ व्होल्ट वायरीतच खर्च होतंय. १.२ भागिले ०.११ केलं की जवळपास ११ ओहम येतात. हातभर तांब्याच्या वायरीत ०.१ ओहमसुद्धा असायला नको.

आता तुमचं सगळं जुळतं का बघा. लाइट गेली की पॅनेल बॅटरीकडून ०.२८ अँपियर मागतं. ११ ओहममधून ते जाताना तीन व्होल्ट वाटेत गळतात. बॅटरीत १२.४ असले तरी बोर्डाला ९.४ च्या आसपास मिळतात, म्हणून दिवे मंद. सायरन एक अँपियर मागतो, त्याला तर सगळे व्होल्ट वाटेतच संपतात, म्हणून घरघर. चार्जिंगच्या वेळी तोच अडथळा उलट दिशेने. बॅटरी भरत आली की करंट आणखी आटतो, ती पूर्ण भरायला फार वेळ लागतो. तुमच्याकडे लाइट रोज थोडी थोडी जात असेल तर रोजची खर्ची भरून निघत नाही.

लाल वायर बोटांनी चाचपत जा. मध्ये कुठे काळ्या प्लास्टिकची नळी, फिरवून उघडणारी, आहे का? काचेचा फ्यूज ठेवायची ती जागा. बोर्ड २०१९ नंतर बदलला म्हणालात. वायरी बदलल्या होत्या का?

धागाकर्ती

वायरी बदलल्या नव्हत्या! मिस्टरांना फोन करून विचारलं. "वायरी चांगल्या आहेत, पुसून घेतो" असं तेव्हा ते लोक म्हणाले होते.

नळी सापडली. बॅटरी सोडली, एमसीबी पाडला, नळी फिरवली तर आधी हलेचना. पक्कड लावून उघडली. आतली स्प्रिंग हिरवी झालीय, हात लावला तर भुगा पडला. फ्यूजच्या एका टोपीवर वाळलेला गाळ आहे. खरंच गाळ, कृष्णेचा, नखाने खरवडला तर तपकिरी पूड झाली. इतकी वर्षं तो तिथे बसून होता आणि आम्ही बॅटऱ्या फेकत होतो. मला खूप वाईट वाटलं, आणि संतापही आला.

दुसरं एक दिसलं. बॅटरीचे पत्ते अरुंद आहेत आणि वायरीचे लग रुंद. पक्कडीने दाबून बसवलेत, तरी हलवले की हलतात.

प्रतिसाद, मिरजेहून

तेच. ७ एएचच्या बॅटऱ्या दोन प्रकारच्या पत्त्यांच्या येतात, ४.८ मिलिमीटर आणि ६.३ मिलिमीटर. मोठा लग लहान पत्त्यावर दाबून बसवला की आज बसतो, उन्हाळ्या-पावसाळ्यात सैल होतो. पत्ता मोजून त्याच मापाचे नवे लग लावून घ्या. फ्यूज होल्डर वायरीसकट नवा. फ्यूजवर जे अँपियर छापलेत तेच घ्या, आणि "फ्यूज काढून डायरेक्ट जोडतो" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बॅटरी शॉर्ट झाली तर वायर पेटू शकते.

आहे त्या बॅटरीची ताकद तपासायची तर दुकानात पूर्ण चार्ज करून तिला गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब जोडा. तो पावणेदोन अँपियर खातो. चांगली बॅटरी तीन तासांच्या आसपास जाते. १०.५ व्होल्टला आली की लगेच काढा, त्याखाली नेऊ नका.

धागाकर्ती

बल्बवर ४० मिनिटांत १०.५. म्हणजे ही गेली. बिचारीचा दोष नव्हता. तिसरी घेतली, ४.८ च्या पत्त्यांची, लगही त्याच मापाचे. जुन्या दोन्ही दुकानातच परत दिल्या. बॅटरी-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे त्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, आणि आतलं शिसं कृष्णेत जायला नको.

वायर, होल्डर, फ्यूज आणि लग मिळून दोनशेच्या आत. आता बोर्डावर १३.६ आणि बॅटरीवर १३.५८. काल दुपारी चार तास एमसीबी पाडून ठेवला, शेवटी बॅटरीवर १२.५ होते, कीपॅड झगझगीत. त्याच अवस्थेत सायरन वाजवला. शेजारच्या तीन घरातली माणसं बाहेर आली. त्यांना आधी सांगायला हवं होतं, त्यांची माफी मागितली.

एक शंका राहिली. माळ्यावर पत्र्याखाली मे महिन्यात थर्मामीटर ठेवला होता तेव्हा ४४ अंश होते. त्याने नवी बॅटरीही लवकर जाईल का?

प्रतिसाद, तासगावहून

जाईल. आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये हेच भोगलंय. या बॅटऱ्यांचं वय २५ अंशांवर धरलेलं असतं, त्यावर दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. शिवाय गरम बॅटरीला कमी व्होल्ट लागतात, १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशाला १८ मिलिव्होल्टच्या आसपास. तुमच्या ४४ अंशांना १३.६ च्या जागी १३.२५ पुरे असते. साध्या पॅनेलमध्ये तापमान बघून चार्जिंग कमी करायची सोय नसते, त्यामुळे उन्हाळाभर ती जास्तीची शिजत राहते. पेटी खाली घ्या.

धागाकर्ती

खाली घ्यायला सासूबाईंचा जीव होत नव्हता. २०१९ ला त्यांनी धान्याचे डबे डोक्यावरून वर नेले होते, त्या म्हणतात पाणी येतं तेव्हा सांगून येत नाही. मलाही पटतं. पण वर ठेवली तर दर वर्षी बॅटरी शिजणार.

आज दोघी मिळून जिन्यात उभ्या राहिलो. पुराची रेष भिंतीवर अजून आहे, रंग दिला तरी खालून उमटते. जिन्याचा मधला टप्पा त्या रेषेच्या वर येतो, आणि तिथे पत्रा नाही, वर स्लॅब आहे, दुपारीही भिंत हाताला गार लागते. रेषेपासून दीड हात वर सासूबाईंनी खडूने खूण केली. रविवारी पेटी तिथे बसवून घेणार आहे, आणि या वेळी वायरीही नव्या घालायच्या असं आधीच सांगून ठेवलंय.

मिरजकर दादा, तुमचे उपकार आहेत. बोर्ड आणि बॅटरी, दोन्ही जागचे आकडे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला झाकणाच्या आतल्या कागदावर लिहायचं ठरवलंय. पहिली नोंद सासूबाईंच्या अक्षरात आहे.