लेक घरभर 'निदान' करत सुटली आहे. मानसशास्त्र वाचायला मी कुठून सुरुवात करू?

घाटकोपर_बदली
नमस्कार मंडळी. मुक्काम मुलुंड पूर्व, नोकरी अंधेरीला, शिक्षण बीकॉम. मानसशास्त्राशी संबंध शून्य. लेक टीवायबीएला आहे आणि अपसामान्य मानसशास्त्राचा (म्हणजे मानसिक विकारांचा) पेपर सुरू झाल्यापासून घरात कुणाची खैर नाही. नवरा बाहेर पडताना दोनदा कुलूप ओढून बघतो, तर त्याला ओसीडी, म्हणजे मंत्रचळ. सासूबाईंना जेवणाचं कौतुक केलेलं आवडतं, म्हणून त्या नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःवरच भाळलेल्या. मी अर्थातच अँक्झायटीवाली. उत्तर द्यायचं तर विषय थोडा तरी कळायला हवा. लोकल आणि मेट्रो मिळून रोज तासभर वाचायला मिळतो. मराठी असेल तर उत्तम, सोपं इंग्रजी चालेल.

दुसरं कारण जरा गंभीर आहे. लालबागला माझा धाकटा भाऊ राहतो. सहा महिन्यांपूर्वी त्याची नोकरी गेली. आता फोन उचलत नाही, दुपारी बारापर्यंत अंथरुणात, गणपतीतसुद्धा मंडपाकडे फिरकला नाही. लेक म्हणते 'मामाला सीबीटी लागेल'. हे नक्की काय असतं आणि कुणाकडे मिळतं?

चिंचपोकळी_चिंची
लेकीला सांगा, हा आजार जुना आहे. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना दर आठवड्याला नवा रोग झाल्यासारखा वाटतो, तसंच मानसशास्त्रवाल्यांचं. मी एमएला असताना सुरुवातीला स्वतःला चार विकार लावून घेतले होते. सेमिस्टर संपलं की उतरतो. 😄

गिरगावचा_गण्या
खर्च शून्य. बालभारतीचं बारावीचं मानसशास्त्र मराठीत आहे, ई-बालभारतीवर फुकट मिळतं. त्यात व्यक्तिमत्त्व आणि मानसिक विकार दोन्ही आहेत. ते झालं की एनसीईआरटीचं बारावीचं इंग्रजी पुस्तक घ्या. स्व आणि व्यक्तिमत्त्व, मानसिक विकार, उपचारपद्धती अशी तीन वेगळी प्रकरणं आहेत. बारावीचं म्हणून नाक मुरडू नका. ऐकायचं असेल तर येल विद्यापीठातली पॉल ब्लूम यांची प्रास्ताविक व्याख्यानं फुकट आहेत, घाटकोपर ते अंधेरी मेट्रोत थोडं थोडं ऐकून होतं. पुठ्ठा बांधलेले हजार पानी ग्रंथ आत्ताच घेऊ नका, माझे दोन माळ्यावर आहेत.

निवृत्त_मास्तर
तीस वर्षं हा विषय शिकवला, म्हणून थोडं लांबण लावतो.

विकारांचं प्रकरण आधी उघडू नका. सगळे तेच करतात, कारण ते चटकदार असतं. आधी व्यक्तिमत्त्व वाचा. फ्रॉईडचे इदम्, अहम्, पराहम् (मनातल्या आदिम ओढी, त्यांना वास्तवाशी जुळवणारा 'मी' आणि सदसद्विवेक) घ्या, पण तिथेच मुक्काम करू नका. आज संशोधनात ज्यांचा खरा वापर होतो ते पाच गुणविशेष आहेत: अनुभवांबद्दलचं खुलेपण, काटेकोरपणा, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता. हे माणसं टाकायचे कप्पे नव्हेत, मोजपट्ट्या आहेत. तुमचे यजमान काटेकोरपणाच्या पट्टीवर वरच्या टोकाला असतील, इतकंच.

लेकीला एक प्रयोग करायला सांगा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेला. ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं खास वर्णन' म्हणून कागद दिला. सगळ्यांना मजकूर एकच, तोही बराचसा स्टॉलवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले! व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'तुमचं व्यक्तिमत्त्व ओळखा' चाचण्या आणि साप्ताहिक राशिभविष्य यांचं पोट यावरच चालतं.

आता कुलूप. अपसामान्य म्हणजे विचित्र नव्हे. त्या वागण्याने माणसाला त्रास होतो का, आणि रोजचं जगणं अडतं का, हे बघायचं. ओसीडीत नको असलेला विचार डोक्यात घुसतो आणि तो शमवायला माणूस तीच कृती पुन्हापुन्हा करतो. अमेरिकेच्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या २०१३ च्या नियमावलीत निकष आहे की त्यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जावा, किंवा ठळक त्रास तरी व्हावा, कामात अडथळा तरी यावा. दोनदा कुलूप ओढून ८.२२ पकडणारा माणूस त्यात बसत नाही. मुंबईत दोनदा ओढलेलं बरंच.

सासूबाईंचंही तेच. व्यक्तिमत्त्व विकार म्हणायला तो नमुना तरुणपणापासून, घरीदारी सगळीकडे, वर्षानुवर्षं दिसावा लागतो. आमटीचं कौतुक हवं असणं हा विकार असेल तर आमचं अख्खं गाव दाखल करावं लागेल.

अवांतर: स्किझोफ्रेनियाला आपण 'छिन्नमनस्कता' केलं आणि लोकांनी त्याचा अर्थ 'एका अंगात दोन माणसं' असा घेतला. तो वेगळाच विकार. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉइलर यांनी १९०८ मध्ये हा शब्द काढला तेव्हा विचार, भावना यांचा एकमेकांशी सांधा निखळणं त्यांना अभिप्रेत होतं. मराठी पुस्तकातही हा घोळ दिसला तर ते मिटून ठेवा.

सरळ_बोलतो
भावाचं सांगतो. हे सगळं मनाचे खेळ. इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला पाठवा, ताजातवाना होऊन येईल. थेरपी म्हणजे तासाला हजार रुपये देऊन 'सकारात्मक विचार करा' ऐकायचं.

शीव_ओपीडी
सरळराव, विपश्यनेबद्दल आदर आहे, पण जो माणूस अंथरुणातून उठत नाही त्याला दहा दिवस मौनात स्वतःच्याच विचारांबरोबर बसवायचं? डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मी या क्षेत्रात काम करते.

ताई, नैराश्याच्या निदानाला लक्षणं किमान दोन आठवडे टिकलेली असावी लागतात. तुम्ही सहा महिने म्हणताय. मी इथून निदान करणार नाही (लेकीनेही करू नये), पण दाखवायला उशीर करू नका.

सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणं यांवर काम करणारी उपचारपद्धती) म्हणजे सकारात्मक विचार नव्हे. साठच्या दशकात अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या लक्षात आलं की खचलेल्या माणसाच्या मनात काही वाक्यं आपोआप उमटत राहतात: 'मी निकामी', 'यापुढे काही होणार नाही'. ती वाक्यं पकडायची, पुरावा तपासायचा, आणि सोबत रोजची छोटी कामं ठरवायची. पहिल्या आठवड्यात 'सकाळी नऊला खाली जाऊन दूध आण' एवढंच असू शकतं. मूड बरा झाला की उठेन असं नाही, उठल्याने मूड हलतो.

याची चुलत बहीण म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, १९५५ पासूनची. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांनी एलिसशी पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे रुजवली. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेतही हा धागा सापडेल, त्यांचे मराठी व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत. कार्ल रॉजर्स हे मानसशास्त्रज्ञ मात्र वेगळ्या वाटेचे. ते सल्ला देत नाहीत, माणसाला न जोखता ऐकतात. कुठल्याही पद्धतीत उपचारक आणि रुग्ण यांचं सूत जुळलं का, यावर पुष्कळ अवलंबून असतं. दोन-तीन भेटींत नाहीच जुळलं तर बदला, गुन्हा नाही.

कुणाकडे? आधी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमडी डॉक्टर. औषध लागेल का ते तेच सांगतील. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाणार असाल तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारा, विचारण्यात संकोच नको. लालबागहून परळचं केईएम रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६, मराठीत बोलता येतं. आणि भाऊ जगण्याला कंटाळल्याचं, मरणाचं बोलला तर थेट विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. त्या दिवशी त्याला एकटं सोडू नका.

सरळ_बोलतो
ठीक आहे, औषधांची सवय लागते असं ऐकलं होतं म्हणून बोललो.

शीव_ओपीडी
नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. मनाने अचानक बंद करायच्या नाहीत, एवढं मात्र पाळायचं. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, लोक दोन्ही एकाच पिशवीत टाकतात.

घाटकोपर_बदली
सगळ्यांचे आभार. बालभारतीचं व्यक्तिमत्त्वाचं प्रकरण दोन दिवसांत झालं. मास्तर, फोररचा प्रयोग लेकीने कॉलेजच्या ग्रुपवर करून पाहिला. सगळ्यांनी 'अगदी मीच' लिहिलं, आता ती जरा गप्प आहे. सासूबाईंना सांगितलं की तुम्ही नार्सिसिस्ट नाही, तर म्हणाल्या, 'ते काय असतं, आणि कोण म्हणालं?' लेक आतल्या खोलीत गेली.

काल लालबागला जाऊन आले. मरणाचं काही मनात येतं का, हे विचारताना माझाच घसा कोरडा पडला. 'तसं नाही, पण कशात अर्थ वाटत नाही' म्हणाला. मग रडला. वहिनी म्हणाली, सहा महिन्यांत पहिल्यांदा. मंगळवारी केईएमला यायला कबूल झालाय. केसपेपरला किती वाजता उभं राहावं लागतं?

शीव_ओपीडी
सोमवारी फोन करून ओपीडीचे वार आणि वेळ विचारून घ्या. नव्या रुग्णाला वेळ जास्त लागतो, त्यामुळे सकाळी लवकर पोचा, अर्धा दिवस धरूनच जा. जुन्या गोळ्यांची चिठ्ठी असेल तर सोबत. थायरॉईडची तपासणी सांगतील कदाचित, घाबरू नका. रांगेत तुम्ही उभ्या राहा, त्याला बाहेर चहा पाजा.